पाय लागला, बाई!

परंड्यातल्या आमच्या कराटेच्या वर्गात आई-बाप, पोरं सगळी एकाच रांगेत शिकतात. माझ्या शेजारी गिरणीवाल्या मावशी असतात. नातीला सोडायला आल्या आणि स्वतःच पांढरा पट्टा बांधून उभ्या राहिल्या. गिरणीच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळं कानाशी बोलल्या तरी ओरडतात. भुवईला पीठ असतंच.

त्यांची लाथ लई जोरात बसते. पण कुणाला पाय लागला की त्या लगेच वाकतात, त्याला हात लावतात आणि तो हात आपल्या छातीशी नेतात. मी शाळेत शिकवते म्हणून मला म्हणतात, "पाय लागला ओ, बाई!"

सर वैतागतात. "मावशी, तुम्ही वाकताय तवर समोरचा लोळवंल की तुम्हाला!"

"व्हय सर, पण हात आपोआपच जातोय."

परवा पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती. सरांनी बजावलं होतं, नमस्कार केला तर पट्टा न्हाय. मावशींसमोर नेमकी मीच. पहिली लाथ माझ्या बरगडीत बसली. मावशींचा हात निघालाच होता, त्यांनी मूठ आवळून तो धरला. पुढच्या प्रत्येक लाथेला तोंड असं केलं, जणू त्यांनाच लागतंय.

पास झाल्या. सर पट्टा घेऊन पुढं आले, तर त्यांना बाजूला सारून मावशी थेट माझ्याकडं. माझ्या बरगडीला हात लावून छातीशी नेला, मग पुन्हा, मग पुन्हा. जेवढ्या लाथा, तेवढे नमस्कार.

मग सरांकडं वळून ओरडल्या, "हां, बांधा आता."