चादरीवर बसलेला पुरावा

अर्ध्या चादरी दोरीवर, अर्ध्या बादलीत, आणि आमच्या थोरल्या जाऊबाई दातांत चिमटा धरून जागच्या जागी थिजलेल्या. आत्ताच वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर कबुतराची शीट! तोंडातला चिमटा काढून त्यांनी गच्चीवरून अशी हाक मारली की खालचे दरवाजे आपोआप उघडले.

"भाऊजी! या वर, बघा लाडक्यांचे प्रताप!"

जाऊबाईंना सगळे लख्खबाई म्हणतात. त्यांनी घासलेल्या दिव्यात देवाला स्वतःचं तोंड दिसत असेल. शेजारचे भाऊजी निवृत्त कंडक्टर. गच्चीच्या कोपऱ्यात त्यांची कबुतरं. बायको गेल्यापासून घराला तेवढाच आवाज उरलेला. पण मागच्या आठवड्यात लख्खबाईंनी शब्द घेतला होता: कपड्यांवर पुन्हा एक डाग दिसला, की कबुतरं भाऊजींच्या मेव्हण्याच्या शेतावर धाडायची.

भाऊजी उलट्यासुलट्या चपला घालून आले. डाग बघून चेहराच पडला.

"ओल्या फडक्याने पुसतो ना, वहिनी."

"हात लावू नका! ओल्याने पसरतं. वाळू द्यायचं, मग नखाने उडवायचं. जन्मभर नुसती तिकिटंच फाडलीत!"

मग दोघं त्या डागावर पहारा देत उभी राहिली. शेवटी भाऊजी हळूच म्हणाले, "मी पिंजरा आणतो." आणि गेले. ते पिंजरा घेऊन आले, तेव्हा लख्खबाईंनी नख पुढे केलं.

डागाने मिशा हलवल्या.

मग डाग चालू लागला. नखाएवढा पतंग! पंख छपरासारखे मिटलेले, पांढरेफटक, मधोमध हिरवट-करडा ओघळ, कडेला ओलसर चकाकणारी रेघ, डोकं कापसाच्या बोंडासारखं. तो भुर्रकन उडाला आणि लख्खबाईंच्या पदरावर बसला.

"वहिनी," भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "पदरावर डाग पडलाय. वाळू द्यायचा का?"

"देवा रे! पंख दिलेस, आणि रंगवलंस हे असं?"

"पाखरांनी खाऊ नये म्हणून असेल. घाण समजून सोडून देत असतील."

"म्हणजे मागच्या आठवड्यातलाही हाच मेला?"

भाऊजी घुटमळले. "नाही, तो आमचाच होता."

लख्खबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. एवढा खरेपणा त्यांना झेपेना.

"तो डाग मी हिशेबात धरलेला नाही. पिंजरा ठेवा कोपऱ्यात आणि उरलेल्या चादरी वाळत घाला. नीट झटकून!"

चिमट्यांची डबी त्यांच्या हातात कोंबून, पदरावरच्या पाहुण्याला धक्का न लावता त्या जिना उतरल्या, पिशवी घेतली आणि कबुतरांचे दाणे आणायला वाण्याकडे निघाल्या.