सुकरीबाईचा इस्तो

चंद्रपूर-गडचिरोलीत जंगल एवढं की लोक दिल्लीहून पाहायला येतात. पण इथल्याच माणसाला लेकराबाळांसकट एक रात्र त्यात शेकोटी करून बसायचं म्हटलं, तर जागा नाही. खोटं वाटत असेल तर जंगलाच्या गेटाजवळच्या रिसॉर्टवाल्यांना फोन करून पाहा. एकाचा दर ऐकून वाजिद मला म्हणाला, "नीलाबाई, एवढ्यात वाघ घरी नेऊ देतात का हो?" दुसऱ्याच्या जाहिरातीत शेकोटीचा फोटो होता. खोदून विचारलं तेव्हा बोलला, लाल दिव्याची आहे मॅडम, खालून पंखा लागतो, कापड हलतं. त्याला मी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

वाजिद माझा शेजारी, ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे आहे. आग विझवणाऱ्यांच्या पाळीत. कोळशाच्या ढिगातून धूर निघाला की पाण्याचा फवारा घेऊन धावायचं, बारा वर्षं हेच काम. बायको जरीना कपडे शिवते. मुलगी आफ्रीन सातवीत, तिला उघड्यावरची शेकोटी आणि त्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत पाहिजे होतं. दिवसभर आग विझवणारा बाप पोरीसाठी आग शोधत हिंडत होता. मी म्हटलं, चला, सुकरीबाईकडे जाऊ.

सुकरीबाई कोसंबटोल्याची. साठीच्या पुढची, काटक, बोलायला तिखट. हा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आधी आत नाल्याच्या काठी होता. वीज आली तशी घरं एकेक करून सडकेकडे सरकली आणि जुनी जागा ओस पडली. तिथली दीड एकर सुकरीबाईच्या नावावर. त्यावर मोहाच्या झाडांखाली तिने चार तंबू टाकले, दगडांचं कडं करून शेकोटीचे चार खड्डे केले. माणशी दोनशे रुपये, लेकरं फुकट, लाकूड फुकट. वनखात्याचे साहेबलोक म्हणाले, आग चालणार नाही. मी तिच्यासोबत कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, कागद टेबलावर आपटले. जमीन तिची, आग खड्ड्यात, तुमच्या पोटात का दुखतं? शेवटी ग्रामसभेचा ठराव झाला. एकच अट पडली: आग खड्ड्याबाहेर जाणार नाही. एक निखारा बाहेर दिसला की जागा बंद. सुकरीबाईने अंगठा दिला.

मला वाटायचं, बाईला चार पैसे सुटावेत म्हणून ही धडपड. पण पैशाकडे तिचं लक्ष नव्हतं. पाहुणे नसले तरी दिवेलागणीला एक खड्डा ती पेटवायचीच. आणि पाहुणे असले की सकाळी चहा देताना प्रत्येकाला एकच प्रश्न.

"इस्तो मागाले कोणी आलं होतं का?"

इस्तो म्हणजे विस्तव. पूर्वी चूल विझली की बाया खापर घेऊन शेजारी जायच्या आणि दोन निखारे मागून आणायच्या. लोक म्हणायचे, नाही बाई, कोणी आलं नाही. ती मान हलवून पुढच्या तंबूकडे जायची. मी समजायची, अट कोणी मोडत तर नाही ना, याची चौकशी करते. तीन हिवाळे मी हेच समजत होते.

आम्ही पोचलो ते जानेवारीतल्या एका दुपारी. दुसरं कोणी नव्हतं. वाजिदने आधी खड्डा पाहिला, वाऱ्याची दिशा पाहिली, पाण्याची बादली भरून जवळ ठेवली.

"आग कड्याच्या बाहेर जाऊ द्याची नाई, भाऊ," सुकरीबाई म्हणाली.

"बाई, तुमी मले काय शिकवता! मी याचाच पगार घेऊन राह्यलो."

"मंग मी कायले तोंड वाजवू? तुमीच साहेब," असं म्हणून ती हसली.

ऊन उतरलं. वाजिदने शेकोटी लावली, आफ्रीनने वांगी आत सारली. मी सुकरीबाईसोबत तिच्या छपरीत भाकरी आणायला गेले. छपरी पन्नास पावलांवर. आम्ही परत आलो तेव्हा अंधार नुकता पडत होता, माणूस ओळखू येईल न येईल असा. आफ्रीन नाल्याकडे पाहत बसली होती.

"ते बाई गेली का?" तिने विचारलं.

"कोणती बाई?" मी म्हटलं.

"आली होती एक," वाजिद लाकूड सारत म्हणाला. "हातात खापर. इस्तो दे म्हणे. मी म्हटलं, नाई भेटत बाई, आग बाहेर न्याले मनाई हाय."

सुकरीबाईच्या हातातली टोपली कलली. भाकरी मातीत पडल्या, तिने खाली पाहिलंही नाही.

"कशी होती?"

"तोंड नाई दिसलं," जरीना म्हणाली. "उजेडाच्या भाईरच उभी राह्यली. मी म्हटलं, या, बसा, शेका जरा. तं म्हणे, चूल विझली, लेकरू थंडीनं गारठलं, बसाले टाइम नाई. मी लायटर देऊन पाह्यलं. पेटवून दाखवलं तं दचकून मागं सरली. आजकाल लायटरले कोण भेते, तुमीच सांगा."

"जाताना काय म्हणे?"

वाजिदने आठवलं. "म्हणे, इथीबी नाई."

सुकरीबाई शेकोटीजवळ बसली. मग जे बोलली ते आगीकडे पाहतच.

दुर्गा तिची जाऊ. इथेच, अंगणाला अंगण लागून घरं. मधल्या मोहाची फुलं कोणी वेचायची यावरून दोघींचं वाजलं होतं, उन्हाळ्यापासून बोलणं बंद. बावीस वर्षांपूर्वी अशाच थंडीत, अशाच वेळी, दुर्गाची चूल विझली. घरात तीन महिन्यांचं पोर. ती खापर घेऊन सुकरीच्या दारात आली.

"मी म्हटलं, माह्या चुलीतला इस्तो तुह्यासाठी नाई. ते काई नाई बोलली. नाल्यानं दुसऱ्या टोल्यावर मागाले गेली." सुकरीबाई थांबली. "आठ दिस शोधलं. बांगडीचा तुकडा नाई भेटला."

"अन् लेकरू?" जरीनाने हळूच विचारलं.

"मीच वाढवलं न. धनराज. राजुऱ्याकडं खाणीत डंपर चालवते आता. मिशा आल्या त्याले." तिने पदराने तोंड पुसलं. "अन् ते अजून म्हणून राह्यली, लेकरू गारठलं."

मी मातीतल्या भाकरी उचलून टोपलीत भरल्या.

सुकरीबाई उठली. विहिरीजवळ फुटका माठ होता, त्याचं मोठं खापर घेतलं आणि चिमट्याने निखारे त्यात भरले. ऐनाच्या लाकडाचे, लालभडक, काठोकाठ.

"बाई, आग बाहेर..." वाजिद उठला.

"तुमी तुमची बादली घेऊन या मागं."

"बाई, एक ठिणगी पडली तर जागा जाईल," मी म्हटलं. "किती भांडलो आपण या जागेसाठी!"

"तुमी जागेसाठी भांडल्या, नीलाबाई. मी नाई."

ती चालू लागली. वाजिद बादली घेऊन मागे, त्याच्यामागे मी, आणि आफ्रीनचा हात घट्ट धरून जरीना. नाल्याच्या काठावर एका घराच्या पायाचे दगड उरले होते. सुकरीबाईने खापर त्या दगडांपुढे ठेवलं आणि चार पावलं मागे आली.

"घे वं दुर्गे. माह्याच हातचा हाय."

काही झालं नाही. मग नाल्यातले किडे एकदम बंद झाले. वारा नव्हता, निखाऱ्यांचा धूर सरळ वर जात होता. आणि निखारे फुलले. लाल झाले, मंद झाले, पुन्हा लाल झाले. थांबून थांबून, दम घेऊन.

"अब्बू," आफ्रीन कुजबुजली, "कोणी फुकून राह्यलं."

सुकरीबाई पुढे वाकली. "लेकराची फिकर नोको करू वं. जेवते चांगला. तुह्यासारखाच तापट हाय. अवंदा लगन करू म्हणतो त्याचं." ती बोलत राहिली, भावकीतल्या बातम्या सांगत राहिली, आणि निखारे फुलत-मंदावत राहिले. मग एकाएकी सगळे मिळून काळे पडले.

वाजिद बादली घेऊन पुढे झाला, पण पाणी ओतलं नाही. त्याने आधी खापरावर हात धरला, मग एक निखारा उचलून तळहातावर घेतला. बारा वर्षांचा आगीतला माणूस, त्याने तो दोनदा उलटून पाहिला.

"हे तासभर राह्याले पाह्यजे," तो म्हणाला. "थंड हाय. नाल्यातल्या गोट्यासारखं थंड."

सुकरीबाई रडली नाही. तिने अंधाराकडे पाहून दटावलं, "एवढुशानं काय होते तुहं? उद्या सांजच्याले अजून ये!"

मग ती वाजिदकडे वळली. "उद्या तुमी द्या, भाऊ."

"मी? माही तं उद्या सकाळची पाळी हाय."

"तुमीबी नाई म्हटलं न तिले. मी एकडाव म्हटलं होतं. बावीस वर्सं झाली, अजून इथीच बसून आहो."

वाजिदने हातातला निखारा पाहिला. तो कुठे टाकावा हे त्याला कळेना. त्याने जरीनाकडे पाहिलं.

"राहू," जरीना म्हणाली.