सुंदराकाकूंच्या सासूची बारकी कुरडई

आधीच सांगते, हसायचं नाही. माझ्या हातून जे झालं त्याला मूर्खपणा म्हणावं की पाप, हे माझं मलाच अजून ठरत नाहीये.

मी मूळची परभणी शहरातली, लग्न होऊन पालमला आले. घाबरट इतकी, की लेकीला साधा ठसका लागला तरी मीच पांढरी पडते. अशा बाईला बचत गटाने सचिव केलं. का? तर बी.ए. झालेली!

आमचा गट कुरडया करतो. ताटाएवढ्या! परभणीचा एक दुकानदार सगळा माल घ्यायचा. एकदा त्याचा फोन आला, "ताई, एसटीत निम्म्या कुरडयांचा चुरा होतोय. वाटीएवढ्या करा. पुन्हा चुरा आला तर माल बंद."

बंद! अहो, तेवढं एकच तर मोठं गिऱ्हाईक. आमच्या अध्यक्ष सुंदराकाकू, त्यांना भीतभीतच सांगितलं.

"दुकानदार शिकिवणार व्हय आमाला कुरडई?" काकू कडाडल्या. "त्यानं जन्मात कधी गव्हाचा चीक तरी घाटलाय का?"

"बाहेरच्याचं ऐकलं की वाटोळंच!" बाकीच्या बायका. एका कृषीवाल्या मॅडमने वाळवणावर जाळी टाका म्हटलं होतं, तेव्हाही हेच. धूळ चालेल, पण मॅडमची जाळी नको!

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, पण तुमच्या सासूबाई म्हणे बारक्याच करायच्या..."

का बोलले? भीतीने! काकू उठता-बसता सासूचं सांगायच्या, "लय कडक बाई होती. ती होती तवा कुणाची टाप न्हवती." होती, होती, होती! मी मनातल्या मनात त्यांचा फोटो भिंतीला लावून हारसुद्धा घातला होता. आता त्या कुठून साक्ष द्यायला येणार?

काकूंनी हातातला सोऱ्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "व्हय की गं! बारक्याच असायच्या. जाळीदार!"

शेजारच्या कौसाबाईंना तर चवसुद्धा आठवली.

झालं! वाटीएवढ्या कुरडया सुरू. माल अख्खा पोचला, दुकानदार खूश. मी सुटले म्हणतेय, तोच काकू म्हणाल्या, "गुरुवारी आत्याबाईला आणायलेय पोखर्णीहून. त्यांची कुरडई त्यांनाच दाखवू."

"कोणाला?"

"माझ्या सासूला! धाकट्या दिराकडं ऱ्हाती की."

जिवंत! मी जिला हार घातला ती बाई एसटीने येणार होती! आता गट मला हाकलणार, काकू पुन्हा ताटाएवढ्यावर येणार आणि दुकानदार माल बंद करणार. गुरुवारी लेकीला जरा सर्दी तरी व्हावी, घरी राहता येईल, असंही मनात आलं बघा. कसली आई मी! आणि पोरगी त्या दिवशी ठणठणीत!

म्हातारी आली. पोत्यावर बसली. कुरडई उलटी-पालटी करून बघितली. मी दाराशी, लेक कडेवर, चपला पायातच.

"हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?"

"तुमच्याच की, आत्याबाई! ह्या सूनबाईनं सांगितलं आमाला."

म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं, की मी माहेरच्या गाडीची वेळ आठवू लागले.

"व्हय, माझंच हाय," ती म्हणाली. "पर तुमी लय जाड घालायलाव."

वाचले! असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात मला खरोखर माझं स्वतःचं काहीतरी सुचलं. पाकीट एका बाजूने पारदर्शक करायचं, म्हणजे आतली अख्खी कुरडई दिसेल. हौसेने सांगितलं.

"आत्याबाई म्हणल्या का असं?" काकूंनी विचारलं.

"नाही, हे माझं."

"मंग ऱ्हाऊ दे. तू परभणीची."

काल लेकीला घेऊन पोखर्णीला गेले. म्हातारीच्या पायाशी बसून सगळं समजावलं, हात जोडले, "एवढं काकूंना तुमचं म्हणून सांगा."

"सांगते की," म्हातारी म्हणाली. "पर लबाड बोलाय न्हाई जमत मला. खरं सांग, हे सुचलं कुणाला?"

मी पुन्हा हात जोडले. "तुम्हालाच, आजी."