काठावरचा किशा

नाना टेलरांच्या नजरेतच टेप होती. वरव्याहून सारोळ्याकडं भरधाव निघालेल्या एसटीच्या खिडकीतला माणूस बघून ते रस्त्याच्या कडेनं त्याची कॉलर सांगत. नुसती कॉलर नव्हे, त्याचं सासरच्यांशी पटतं की नाही, तेसुद्धा. शपथेवर सांगतो, खोटं बोलणं मला जमतच नाही. भोरच्या बाजारात माझी रसवंती आणि त्यांचं दुकान यांच्यात फक्त एक पत्रा. भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या शाळांचे गणवेश नानांच्या मशीनखालून गेले. उरलेल्या शाळांची पोरं उघडीच फिरत असावीत.

या पोरांपायीच त्यांना कादंबरीची बाधा झाली. एकदा रसाचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाले, "बापू, बारक्यांना ससे-कोल्हे हायेत, थोरांना लफडी हायेत. ह्या पंधरा-सोळाच्या पोरांनी वाचायचं काय? बारक्यांचं त्यांना आखूड व्हतं, थोरांचं ढगळ."

"मग तुमीच शिवा की," मी थट्टेनं म्हटलं. माणसानं खरंच शिवायला घेतली!

लिहायची रीतही टेलरचीच. आधी कच्चा टाका, मग ट्रायल. माप द्यायला आलेलं पोर हात पसरून उभं राहिलं, की नाना त्याच्या गळ्यात टेप अडकवत आणि प्रकरण वाचायला लागत. पळणार कुठं? पोरानं जांभई दिली की तेवढा भाग उसवायचा. "जांभई खोटं बोलत न्हाई," म्हणत. एका झोपाळू पोरापायी राजगडाची अख्खी चढण कादंबरीतून गेली, ती गेलीच.

नायक किशा. गुंजवण्याचा, अकरावीसाठी भोरात खोली घेऊन राहणारा. मास्तरांची मोटारसायकल पळवायचा, एकीची चिठ्ठी दुसरीला द्यायचा. पोरं इतकी हसत की अंगातल्या नव्या शर्टांच्या शिवणी सुटत. किशा चालताना डावा खांदा पाडायचा. तसा चालणारा एकच मुलगा मी पाहिला होता, नानांचा आशिष. दहावीची परीक्षा संपल्यावर तो मित्रांबरोबर धरणात पोहायला गेला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. त्यानंतर त्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे.

किशा नेमका तिथंच अडकला. पाण्याच्या काठावर, शर्ट काढून. नाना त्याला उतरूच देईनात. पुन्हा शर्ट घालून त्याला कुणाच्या लग्नाला पाठवलं, टेम्पोवर क्लीनर केलं, सरपंचाच्या प्रचाराला जुंपलं. पोरांच्या जांभयांच्या वाऱ्यानं दुकानातला बंद पंखा फिरायला लागला.

शेवटी वरव्याची श्रेया माप देता देता म्हणाली, "नाना, ह्यो पाण्यात उतरंना का? गेल्या साली पण काठावरच हुता."

"उतरला तर बुडंल गं."

"मग बुडू द्या. आमच्या वर्गातला एक न्हाई का गेला? मोठी मान्सं आमच्याम्होरं बोलत न्हाईत, म्हून आमाला काय कळत न्हाई व्हय?"

नानांनी तिचं माप अर्धवट सोडलं आणि दुकान बंद केलं. जूनच्या ऐन हंगामात! पालकांनी बंद शटरला दिलेल्या शिव्या मी रसाबरोबर गाळून प्यायलो.

पुन्हा शटर उघडलं तेव्हा खोळंबलेली पोरं दाटीवाटीनं आत शिरली. नाना वाचायला लागले. किशा पाण्यात उतरला. मग हाका, धावाधाव, दोर घेऊन आलेली माणसं, काठावर राहिलेला शर्ट. तिथं नाना थांबले. श्रेयानं त्यांच्या हातातले कागद घेतले आणि पुढचं वाचलं. जांभई सोडा, कुणी मोबाईलसुद्धा काढला नाही. मी माझं मशीन बंद करून पत्र्याला कान लावला होता.

वाचून झालं तेव्हा आतल्या पडद्यामागून नानांच्या बायको, आमच्या काकू, बाहेर आल्या. श्रेयाला म्हणाल्या, "समदी आली गं ह्यात. बाप आला, दोस्त आले, दोरवाले आले. त्याची आय कुठंय?"

नाना मान वर न करता म्हणाले, "तुला इचारायचा धीर झाला न्हाई."

"इचारायचं हुतं. घरी भाकऱ्या थापत हुते मी. साऱ्या आळीला ठावं, अन् मला सांज होईस्तवर कुनी सांगितलं न्हाई. त्याच्या वाटणीच्या बी भाजल्या मी."



नाना तेवढं एक प्रकरण लिहिणार होते. कार्तिकात छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. कादंबरी छापली गेली नाही. श्रेयानं तिच्या झेरॉक्स काढल्या, आणि आता वेल्ह्याच्या एसटीत पोरं ते कागद एकमेकांच्या हातातून ओढून वाचतात. वाचून संपलं की भोरात उतरून काकूंकडं येतात. आईचं प्रकरण त्यांना तोंडी ऐकायचं असतं.

काकू सांगतात. भाकऱ्यांपासून सगळं. मी कशालाही पदरचे चार आणे जोडल्याशिवाय सांगत नाही. हे मात्र पत्र्याआडून नुसतं ऐकतो. सांगून झालं की त्या पोरांना विचारतात, "तुमी जाता का रं धरणात?"

 पोरं एकेक करून म्हणतात, "जातो, काकू."