चाचाची नक्कल

आमच्या घरात लग्न असो की बारसं, जेवणं आटोपली की पोरं मला घेरतात. "काका, नक्कल करा ना!" मी लगेच तयार. सोसायटीचे सेक्रेटरी, भाजीवाली, माझे सासरे (ते समोर नसताना), सगळ्यांना मी उभं करतो. एकाच माणसाची नक्कल मी सोडून दिली. ती खरं तर माझी सगळ्यात चांगली होती.

तेव्हा मी मस्कतला होतो, ऐंशी सालाच्या मागेपुढे. तळवलीची आमची शेती नव्या शहरासाठी गेलेली, त्याआधी मी बेलापूर रोडवरच्या कारखान्यात फिटर. आमच्या आळीतून फॉरेनला जाणारा मी पहिला, त्यामुळे निघताना गळ्यात इतके हार पडले की मला पुढचं दिसेना. आत काय समजत होतो स्वतःला, विचारू नका. ते सगळं महिन्याभरात उतरलं, आणि कसं उतरलं ते सांगायला आजही जीभ अडखळते.

कॅम्पच्या खोलीत आम्ही चौघं. दोघं केरळचे, आणि एक पेशावरकडचा ट्रक ड्रायव्हर, पन्नाशीचा, आडव्या हाडाचा. त्याला सगळे चाचा म्हणत. पाकिस्तानचा म्हणून मी सुरुवातीला त्याच्याशी मोजकंच बोलायचो. मग पाणी बाधलं. ताप आणि जुलाब. एका दुपारी, खोलीत कोणी नसताना, मला उठून जाता आलं नाही. चादर, लेंगा, सगळं खराब झालं. एका पोराचा बाप मी, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

पहिला आला तो चाचा. मी झोपेचं सोंग घेतलं. त्याने मला कुशीवर केलं, ओल्या फडक्याने पुसलं, स्वतःची लुंगी मला गुंडाळली आणि चादर बादलीत घालून नळावर गेला. परत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. "फिकर नईं करो, बच्चा," म्हणाला, आणि मला भाताची पेज भरवायला बसला.

बरा झाल्यावर मी त्याचे पाय धरायला हवे होते. मी त्याच्याकडे बघणंच टाळायला लागलो. तो दिसला की चादर दिसायची.

त्या काळी कॅम्पातली मंडळी पत्रापेक्षा कॅसेट पाठवायची. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची, येणाऱ्याबरोबर घरची यायची. टेपरेकॉर्डर आमच्या खोलीत एकट्या चाचाकडे. तो ड्युटीवर गेलेला असताना मी त्याच्याच टेपवर घरच्यांसाठी कॅसेट भरली. काय बोलणार? तापाचं सांगितलं तर आई रडेल. चादरीचं तर मेलो तरी सांगणार नव्हतो. मग मी चाचाची नक्कल केली. त्याचं "हम बोलेगा, हम जायेगा", त्याचं "फिकर नईं करो, बच्चा", आणि त्याचं घोरणं, तुर्भ्याच्या खाणीतला डंपर चढ चढतोय असं. फार रंगलो मी.

दीड-दोन महिन्यांनी घरची कॅसेट आली. कोणाच्याही घरची कॅसेट खोलीत सगळ्यांनी मिळून ऐकायची, असा रिवाज. भाषा कळो न कळो. चाचाने चहा केला, बटण दाबलं. आधी आईचा खोकला, मग रोडवरच्या ट्रकचा हॉर्न, मग वहिनी कुजबुजली, "बोला ना, फिरतंय ते." आणि धाकट्या भावाचा आवाज आला, "दादा, ऐक, चाचा आला!"

पुढे तोच सगळा खेळ. "फिकर नईं करो, बच्चा!" डंपर. घरभर खिदळणं, माझ्या पोराचंसुद्धा. "अजून एकदा, अजून एकदा!"

केरळची जोडी वर पंख्याकडे बघायला लागली. चाचाने कप खाली ठेवला.

"ये तो हम है," तो म्हणाला.

मी बटणाकडे हात नेला. त्याने धरला. "रुको. अच्छा करता है." पहिल्यांदा तो खरंच हसला. भावाने दुसऱ्यांदा केलं तेव्हा हसला नाही, नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "घर में सब खुश है. अच्छा बात है."

उत्तराची कॅसेट भरताना तो जवळ येऊन बसला. "अम्मा को हम भी बोलेगा." आता माझं भांडं फुटणार, असं मी धरूनच चाललो. तो टेपजवळ वाकून म्हणाला, "अम्मा, सलाम. हम चाचा. तुम्हारा बेटा को थोडा बुखार था, अभी ठीक है, रोटी खाता है. खर्राटा हम सच में मारता है, बच्चा झूठ नहीं बोला." संपलं. चादरीचा उल्लेखही नाही.

त्यानंतर आलेल्या कॅसेटमध्ये कोणी हसत नव्हतं. एकटी आई बोलत होती, आमच्या गावच्या बोलीत, आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी. त्यामुळे वाक्यावाक्याला टेप थांबवून मला हिंदी करून सांगावं लागलं.

"भाऊ, माज्या पोराला ताप आला व्हता, यानी आमाला सांगला नाय. निस्ता तुमचा घोरना सांगला. आमी हसलो. आमचा चुकला."

मी सांगितलं. चाचा मान डोलवत होता.

"यो पयल्यापासून असाच हाय. दुखन्यात याचा कोनी काय केला का याला लाज वाटतं, न् लाज वाटली का यो लोकांना हसवत बसतं."

मी कॅसेट बाहेर काढायला लागलो. "और?" चाचाने विचारलं. "बस, इतनाच," मी म्हणालो.

"नहीं. तुम्हारा कान लाल है. और कुछ है."

शेवटी सांगितलं. तेवढं एक वाक्य हिंदीत करायला मला केवढा वेळ लागला!

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "हमने क्या किया था?"

यात नाटक नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. दोघं केरळवाले ऐकत असताना मी म्हणालो, "चाचा, वो चादर."

"अच्छा, वो," तो म्हणाला, आणि त्याने रोटीचा तुकडा चहात बुडवला.