पाण्याच्या पाळीचं यंत्र

आमच्या विहिरीवर चार घरं. चौघांची मोटर एक, पाणी एक. प्रत्येक घराला दोन दोन दिवसांची पाळी. अमावस्येला मोटर सुरू करायची नाही, हा आमच्या आज्यापासूनचा रिवाज. तो दिवस खाडा धरायचा आणि नंतरच्या सगळ्या पाळ्या एक दिवस पुढं ढकलायच्या. आज पाणी कुणाचं, हे सांगायचं काम माझ्याकडं. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण वीस वर्षांत माझ्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गावात मला दुसरा कुठला मान नव्हता. हा होता, आणि तो मला पुरत होता.

नव्वद साल मागं पडलं होतं. थोरला मुलगा फौजेतनं रजेवर आला आणि त्यानं माझ्या तळहातावर एक काळं यंत्र ठेवलं. चुन्याच्या डबीएवढं जाड, पण लांबट. पुस्तकासारखं उघडायचं. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला बारीक बारीक बटणं.

"डायरी हाय, आबा. इलेक्ट्रॉनिक. आमच्या साहेबांच्याकडं असती. ह्यात पाळ्या घालून देतो. पाळी बदलायची आसंल त्या दिवशी सकाळी आपोआप वाजंल."

"का? माझं डोकं काय गळाय लागलंय व्हय?"

चुलीपाशी बसलेली त्याची आई बोलली, "परवा साताऱ्याला म्हणून निघालासा आन् सांगलीच्या गाडीत बसलासा."

"गाडीच भलत्या जागी लावली हुती त्यांनी."

"व्हय, आन् पाटीबी भलतीच लावली आसंल."

मुलगा म्हणाला, "म्हैनाभर खिशात ठेवा. नगंच वाटलं तर जाताना घिऊन जातो." इंग्रजी मला येत नाही, म्हणून त्यानं घरांना एक ते चार नंबर दिले. आमचं घर एक नंबर.

महिना संपायच्या आत अमावस्या आली. मोटर बंद राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंडीच्या खिशात यंत्र वाजलं. काचेवर दोन. माझ्या हिशोबानं आमच्या एक नंबरच्या घराचा एक दिवस अजून राहिला होता. मी यंत्र विहिरीवर नेलं आणि सगळ्यांच्या पुढं धरलं.

"बघा रं, फौजेचं यंत्र! आवस कळंना ह्याला."

तिसऱ्या घरचा माझा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, एकदा म्हसवडला सिद्धनाथाच्या पायावर घालून आणा त्याला. मग कळंल." लय हसलो सगळे. मुलगाही हसला. संध्याकाळी तो भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बटणं दाबत बसला. "आबा, वर्षभराच्या आवसा घातल्यात. आता चुकायचं न्हाई." मी नुसतं हं म्हणालो.

जायच्या दिवशी त्यानं विचारलं, "ठेवू का न्हिऊ?"

"ठेव," मी म्हणालो. गरज होती म्हणून नव्हे. मला त्याची दुसरी चूक पकडायची होती.

झालं भलतंच. यंत्र वाजतंय म्हटल्यावर माझं बोटांवर मोजायचं सुटलं. कधी सुटलं ते मलाही कळलं नाही.

पुढच्या अमावस्येच्या सुमाराला आमच्या वैनीनं, म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोनं, उसाची नवी लागण केली होती. तिचं घर चार नंबरचं. कांड्या मातीत पडून चार दिवस झालेले, पाणी लागणारच होतं. अमावस्या झाली आणि दुसऱ्या दिवशी यंत्र वाजलं. काचेवर चार. मला वाटलं, ह्यानं पुन्हा अमावस्या खाल्ली. मुलाचं बोलणं डोक्यातनं पार गेलं होतं. मी यंत्र मिटलं आणि विहिरीवर सांगितलं, "आजबी तीन नंबरचंच पाणी." चुलतभावानं मोटर सुरू केली.

वैनी खांद्यावर खोरं घेऊन आली. "भावजी, आज पाणी माझं हाय."

"उद्या, वैनी. आवस झाली न्हवं काल?"

"आवस धरूनच मोजलंय मी."

"मीबी मोजलंय," मी म्हणालो. मोजलं नव्हतं.

"आन् तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"ते चुकतंय."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. खोरं तसंच खांद्यावर घेऊन परत गेली. दिवसभर कडक ऊन. संध्याकाळी मी कॅलेंडरपुढं बसलो आणि बोटांवर मोजलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पाणी वैनीचंच निघालं.

सकाळी विहिरीवर गेलो. सगळ्यांपुढं सांगितलं, "काल पाणी वैनीचं हुतं. चूक माझी झाली. तिचा गेलेला दिवस माझ्या पाळीतनं कापा."

चुलतभाऊ हळूच म्हणाला, "आवं दादा, यंत्रानं घोटाळा केला म्हणा की."

तसं म्हटलं असतं तर खपलंही असतं. "न्हाई," मी म्हणालो, "यंत्र बरोबर हुतं."

वैनीच्या थोड्या कांड्या सुकल्याच. त्या जागी तिनं दुसऱ्या लावून घेतल्या. त्याच आठवड्यात मी यंत्र तिच्या घरी नेऊन दिलं. वस्तू ठेवण्यासारखी आहे, हे मला पटलं होतं. पण यंत्र माझ्या खिशात असलं की मी ना त्याचं ऐकणार, ना स्वतः मोजणार. "वैनी, हे वाजलं की हितनं पुढं पाळी तुमी सांगायची."

"मला आकड्याबिगर काय कळतंय, भावजी?"

"मला तरी कुठं कळतंय?"

तेव्हापासून पाळी वैनी सांगते, आणि ती चुकत नाही. मात्र अमावस्या जवळ आली की ती आमच्या ओसरीवर येऊन विचारते, "भावजी, आवस कवा हाय?" वर्षभराच्या अमावस्या त्या यंत्रात आहेत. कॅलेंडर तिच्या दारामागं टांगलंय. हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. मी बोटांवर सावकाश मोजतो आणि सांगतो.