मांबलमचा दर

सीतालक्ष्मी मावशी माझ्या सासूबाईंची सख्खी मावसबहीण. दोघी कुंभकोणमच्या एकाच गल्लीत वाढल्या, एकाच शाळेत शिकल्या. सासूबाईंना चेन्नईचा बँकवाला नवरा मिळाला, मावशीला कुंभकोणमच्याच छापखान्यातले रंगाकाका. एवढाच काय तो फरक. पुढे बँकेत पगार वाढत गेले आणि छापखाना बंद पडला. आज आमचा चेन्नईत वेस्ट मांबलमला फ्लॅट आहे. मावशी आवडी नावाच्या दूरच्या उपनगरात एका खोलीत राहते, काका एका दुकानावर वॉचमन आहेत आणि ती लोकांकडे सोवळ्यातला स्वयंपाक करते.

मी परभणीची, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात इंजिनियर. माझ्याच कामाला पुण्याच्या शाखेत जास्त पगार मिळतो, यावर मी कंपनीच्या बसमध्ये रोज चरफडत असते. एकदा मावशीपुढे चरफडले, तर तिने माझी चांगलीच जिरवली.

"कुंभकोणमला श्राद्धाच्या सैंपाकाला जें देतात, त्याच्या दुप्पट आवडीला. मांबलमला तिप्पट. हात तेच, रसम तेंच," ती तिच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "तुझें पुणें मला सांगूं नक्को, कण्णा."

माझी नणंद श्रीनिधी, तिच्या लग्नाआधी सवाष्णी जेवायला घालायच्या होत्या. सासूबाई तेल, शिकेकाई आणि कुंकू घेऊन स्वतः आवडीला गेल्या आणि मावशीला आमंत्रण देऊन आल्या. मावशीने आनंदाच्या भरात मला फोन केला. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या पंगती उठवल्या. स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरातच, उरलेलं आपल्या हाताने वाढून घ्यायची. आता तिला पाटावर बसवून कोणीतरी आग्रह करकरून वाढणार होतं.

शुक्रवारी ती लग्नातलं रेशमी लुगडं नेसून सकाळीच आली. तेवढ्यात ठरवलेल्या स्वयंपाकिणीचा फोन आला, ताप आलाय, येत नाही. हॉटेलचं अन्न चालणार नव्हतं. "मी करते," मी म्हणाले. सोवळ्यातलं मला जमणार नाही, हे सासूबाईंनी गृहीतच धरलं. त्यांची नजर मावशीवर जाऊन थांबली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सीता, तूं आपलीच," त्या म्हणाल्या. "एवढें संभाळून घे. मग पाटावर बस. कोण विचारतें?"

सवाष्णीने त्या दिवशी त्या घरच्या चुलीला हात लावायचा नाही, ही यांच्याच घरची रीत. मावशीने मांडलेल्या पाटांकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचला.

दुपारी पानं मांडून झाल्यावर सासूबाई तिला बोलवायला गेल्या. ती हलली नाही.

"चुलीला हात लागला. खालच्या सुंदरीला बसव."

सासूबाईंनी पुष्कळ आर्जवं केली, पण व्यर्थ. शेवटी सुंदरीमामी घाईघाईने वर आल्या, मावशीच्या पाटावर बसल्या आणि रसमची तारीफ करत दोनदा मागून घेतलं. त्यांचा काहीएक दोष नव्हता, तरी मला त्यांचा राग आला.

निघताना सासूबाईंनी साडी पुढे केली. मावशीने तिला हात लावला नाही.

"ही सवाष्णीची. मीं सैंपाक केला, त्याचे पैसे दे. मांबलमचा दर दे, कनका. नात्याचा नक्को."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आतून पैसे आणून दिले, मावशीने ते कनवटीला लावले आणि ती स्टेशनाकडे चालायला लागली.

संध्याकाळी भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, "सीता जेवली कां?"

मी श्रीनिधीकडे पाहिलं, श्रीनिधीने माझ्याकडे. मावशीला कोणीच वाढलं नव्हतं.